ड्रॉवरमधली चारशे बारा गाणी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत अण्णांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर रिकामा करण्याचे काम माझ्या वाट्याला आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१६ साली गेले. तेव्हापासून तो ड्रॉवर कुणी उघडला नव्हता. उघडावासा वाटला नव्हता, हे म्हणणे अधिक खरे. आत अपेक्षेप्रमाणेच सारे होते. वाळलेली पेने, काडी तुटलेला चष्मा, विम्याच्या पावत्या, अमृतांजनाची रिकामी बाटली. तळाशी मात्र एका धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला, काडेपेटीहून जरासा मोठा, चंदेरी रंगाचा म्युझिक प्लेअर निघाला. २००७ साली अण्णा बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी वर्गणी काढून तो त्यांना घेतला होता.

शेजारी उभ्या असलेल्या लेकीने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, टाकून दे ना हे. आजोबांची सगळी गाणी फोनवर आहेत."

"सगळी?" मी विचारले.

"सगळी म्हणजे सगळी. नाव सांग, लावून दाखवते."

मी नाव सांगितले. मिरजेची आत्या.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. मिरजेत चाळीस वर्षे तिने मुलींना गाणे शिकवले. सांगलीच्या आकाशवाणीवर दोन-चारदा गायली, नवरात्रात देवळात गायली, एरवी घरात गायली. तिची ध्वनिमुद्रिका कुठल्या कंपनीने काढली नाही आणि तिनेही कधी कुणाचे उंबरे झिजवले नाहीत. १९८६च्या कोजागिरीला ती आमच्याकडे आली होती. गच्चीवर चटया टाकून पंचवीस-तीस माणसे बसली होती आणि अण्णांनी आपला टू-इन-वन तिच्यासमोर ठेवून दोन कॅसेटी भरून घेतल्या होत्या. २००८ मध्ये माझ्या भाच्याने त्या संगणकाला जोडून त्यांच्या एमपी३ फाइली केल्या आणि अण्णांच्या प्लेअरमध्ये घातल्या. २०११ मध्ये आमची इमारत पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा भाड्याच्या घरात सामान मावेना म्हणून कॅसेटींच्या दोन पिशव्या आम्ही भंगारवाल्याला दिल्या. देताना कुणालाही वाईट वाटले नाही. आता सारे डिजिटल झाले होते ना!

लेकीच्या फोनमध्ये गाण्यांची वाण नाही. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्येच आपल्या भांडारातील गाण्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे जाहीर केले होते. महिना शे-दीडशे रुपयांत एवढी गाणी मिळत असताना ड्रॉवरातल्या मेलेल्या डबीचे कौतुक कोण करणार? पण त्या दहा कोटींत आत्या नाही. आणि जी आहेत, तीही आपली नाहीत. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले जेवढे लक्ष जायला हवे तेवढे गेलेले नाही, असे माझे मत आहे.

खिशातल्या या प्लेअरांचा इतिहास पंचवीस वर्षांत सुरू होऊन संपलादेखील. १९९८ साली कोरियातील सेहान कंपनीने 'एमपीमॅन' आणला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीने 'रिओ' आणला. रिओची स्मृती ३२ मेगाबाइटची. त्या काळच्या नेहमीच्या प्रतीत एक मिनिटाच्या संगीताला साधारण एक मेगाबाइट लागे; म्हणजे सारा मिळून अर्धा तास. आपल्या हिशेबात एक विलंबित ख्याल, तोही गवयाने फार रंगवला नाही तर! पण ज्या देशात १९०२ मध्ये गौहर जानने कलकत्त्यात तीन-तीन मिनिटांत राग बसवून दाखवले, त्या देशाने अर्ध्या तासाला नाके मुरडू नयेत.

रिओ बाजारात येताच अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संघटना कोर्टात धावली. हे यंत्र म्हणजे चोरीला उत्तेजन, असे तिचे म्हणणे. जून १९९९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते फेटाळले. माणसाने स्वतःजवळचे संगीत स्वतःच्या संगणकावरून स्वतःच्या खिशातल्या यंत्रात नेले, तर तो त्याचा खासगी वापर झाला, अशा अर्थाचा तो निकाल होता. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण या निकालाने एक साधी गोष्ट मान्य केली. गाणे एकदा घरात आले की ते कुठे ठेवायचे आणि कशावर ऐकायचे, हे घरच्यांनी ठरवायचे.

पुढची मिरवणूक बहुतेकांना आठवत असेल. क्रिएटिव्हचा 'नोमॅड', आर्कोसचा 'ज्यूकबॉक्स', मग २३ ऑक्टोबर २००१ रोजी आलेला ॲपलचा आयपॉड: पाच गिगाबाइटची इवलीशी हार्ड डिस्क, हजार गाणी, किंमत ३९९ डॉलर. आयरिव्हर, कोवॉन, सॅनडिस्क असे कितीतरी आले. मायक्रोसॉफ्टचा 'झून' २००६ मध्ये आला. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याचे तीस गिगाबाइटवाले सगळे प्लेअर एकाच वेळी गोठले, कारण आतल्या घड्याळाला लीप वर्षाचा ३६६वा दिवस हाताळता येईना! काही प्लेअरांवर चित्रपटही दिसू लागले, फोटो दिसू लागले, आणि मग फोनने एकेक करून ही सारी कामे गिळली. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडचे शेवटचे मॉडेलही बंद केले. सोनी आजही वॉकमन या नावाखाली डिजिटल प्लेअर विकते, आणखीही दोन-तीन कंपन्या हौशी कानसेनांसाठी महागडे प्लेअर काढतात. पण तो हौसेचा मामला झाला.

आपल्याकडे आयपॉड किती घरांत पोचला असेल? आपल्याकडे पोचली ती त्याची गरीब भावंडे. रेल्वे स्टेशनाबाहेरच्या ठेल्यावर मिळणारे, कपड्याला चिमट्याने लावायचे चिनी प्लेअर. त्यात नखाएवढे मेमरी कार्ड घालायचे. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर रिचार्जच्या दुकानावर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असे. दुकानातला पोरगा विचारी, "काय टाकू? भक्तिगीतं, लावण्या की नवी पिक्चरची?" आणि दहा-वीस रुपयांत कार्ड भरून देई. शेतात मोटार चालू करायला गेलेल्या माणसाच्या खांद्याला पेनड्राइव्हवर चालणारा छोटा स्पीकरचा डबा लटकू लागला. वारीच्या वाटेवर, रसवंतीगृहात, वडापच्या जीपमध्ये तोच डबा. महाराष्ट्रातल्या डिजिटल संगीताचा खरा इतिहास लिहायचा तर तो त्या पाटीपासून लिहावा लागेल.

तो सगळा व्यवहार चोख होता, असे मी म्हणणार नाही. अण्णांच्या ४१२ गाण्यांपैकी कितींचे पैसे कुणा गायकाला किंवा कवीला पोचले होते, हे विचारू नये. निम्मी तरी आमच्याच कॅसेटींवरून उतरवलेली होती, एवढाच आमचा बचाव. उरलेली पदपथावर घेतलेल्या दीड-दीडशे गाण्यांच्या सीडींवरची. आपण सर्वांनीच हे केले आणि त्याची लाज जरा तरी वाटायला हवी. पुढे फोनवरच्या संगीतसेवा आल्या तेव्हा अनेकांना मनापासून हायसे वाटले, ते उगाच नव्हे.

दुसराही एक दोष मान्य केला पाहिजे. या डबीने घरातले ऐकणे एकट्याचे केले. अण्णा रात्री जेवण झाले की गॅलरीत खुर्ची टाकत आणि कानांत बोंडे घालून बसत. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "पूर्वी तुम्ही रेडिओ लावलात की मलाही भांडी घासता घासता ऐकू यायचं. आता तुम्ही मान डोलवता आणि मी नुसती बघत बसते." आईला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण १ जुलै १९७९ रोजी सोनीने पहिला वॉकमन विकायला काढला, तेव्हा त्याला कानयंत्राच्या दोन पिना लावायची सोय होती, दोघांनी मिळून ऐकावे, अशी करणाऱ्यांची कल्पना होती. नंतर दुसरे भोक गेले. अण्णांच्या प्लेअरला ते नव्हतेच.

आणि नावांचे काय? ज्यांचे कान रेडिओवर घडले, त्यांना गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे ऐकायची सवय. प्लेअरच्या काचेवर तीन इंग्रजी रकाने असत: कलाकार, अल्बम, गाणे. भावगीताच्या कवीला त्यात जागा नव्हती. रागाला नव्हती. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, काही नाही. त्यातही फाइल घाईने केलेली असली की काचेवर उमटे, 'अज्ञात कलाकार, ट्रॅक क्रमांक सात'. गौहर जानला हे शहाणपण १९०२ मध्ये होते. तबकडीवरचे गाणे संपले की ती स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगे, म्हणजे दूर परदेशात तबकड्या छापणाऱ्यांचा घोटाळा होऊ नये. आमच्या भाच्याने आत्याच्या फाइली केल्या तेव्हा नाव लिहिण्याचे राहून गेले.

एवढे सगळे दोष पदरात घालूनही या यंत्राची बाजू मला घ्यावीशी वाटते, ती एका कारणासाठी. त्याला कुणाची परवानगी लागत नसे. त्यातली एमपी३ फाइल ही एक वस्तू होती. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. मोठ्या आवाजाच्या सावलीत लपलेला बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही. मग तो साठवायचाच कशाला, असा त्यांचा विचार. त्यामुळे सीडीवरचा मजकूर सुमारे अकराव्या हिश्शावर येई. सुझान वेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे साथीशिवायचे गाणे पुन्हा पुन्हा ऐकून ब्रांडेनबुर्ग यांनी आपली पद्धत घासून घेतली. कमी प्रतीच्या फाइलीत तानपुऱ्याची जवारी विसकटते, ही आपली तक्रार रास्तच आहे. पण फाइल दिली-घेतली जात होती, भाच्याकडून मामाकडे, गुरूकडून शिष्येकडे. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने या तंत्राचे परवाने विकणेही थांबवले. आज एमपी३ फाइल कुठल्याही यंत्रावर कुणालाही न विचारता वाजते.

याउलट फोनवरची संगीतसेवा पाहा. स्पॉटिफाय ही कंपनी फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. एप्रिलमध्ये सारेगामाशी तिचा कोर्टात वाद झाला आणि सारेगामाची गाणी तिच्यावरून उतरवण्यात आली. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही; म्हणजे आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा आणि मराठी भावगीतांचा केवढा तरी ठेवा. जून २०२० मध्ये दोघांचा करार झाला तेव्हा ती गाणी परत आली. मधले वर्षभर वर्गणी भरणाऱ्याने काय करायचे होते? २०२४ मध्ये एअरटेलने आपली 'विंक' ही संगीतसेवा दहा वर्षे चालवून गुंडाळली. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केले की, लोकांनी तिथे बारा वर्षांत ठेवलेले संगीत सामान हलवताना नष्ट झाले; पाच कोटींहून अधिक गाणी गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ॲपच्या आत 'डाउनलोड' करून ठेवलेले गाणे ॲपच्या बाहेर वाजत नाही, हे तर आपण रोजच पाहतो. भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकायचा नसतो, तसे ते आहे.

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान उघडले होते. सहा रुपयांपासून गाणे मिळे आणि ते साध्या, कुलूप नसलेल्या एमपी३ फाइलीत मिळे. फुकटाच्या सवयीपुढे त्याचे काही चालले नाही. जून २०१३ मध्ये दुकान बंद झाले. पण ज्यांनी तिथे गाणी विकत घेऊन नीट ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात. दुकान मेले, माल जिवंत राहिला. रीतसर पैसेही गेले आणि वस्तूही हातात आली, असा हा मधला, सभ्य मार्ग आपल्याकडे पुरते दीड वर्षही टिकला नाही, याची खंत एखाद्या संगीत महोत्सवात कुणी व्यक्त केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवाँ' काढला, तेव्हा जाणत्यांनी त्याला हसून घेतले. जुन्या रेडिओच्या रूपातला डबा, आत पाच हजार गाणी भरलेली, इंटरनेटची गरज नाही. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. घरोघरच्या आजी-आजोबांनी तो उशाशी घेतला. यात नुसता भाबडेपणा नव्हता. बटण फिरवले की गाणे लागते, ते उद्याही लागेल, आणि आई भांडी घासता घासता ऐकू शकते, या तीन गोष्टी त्यांना हव्या होत्या. त्यातली भरलेली गाणी बाहेर काढता येत नाहीत, ही त्यातली मेख. तरी शेजारी पेनड्राइव्हचे भोक आहे, आणि आत्या तिथून आत जाऊ शकते!

माझ्या लेकीने फोन फेकून द्यावा, असे मी म्हणत नाही. नवे ऐकायला, शोधायला, ताडून पाहायला त्यासारखे साधन नाही. मीही रोज वापरतो. पण घरात सोन्याचे चार दागिने जसे आपण दुसऱ्याच्या भरवशावर ठेवत नाही, तशी घरातली चारशे गाणी तरी फाइलींच्या रूपात आपल्या हाताशी असावीत. त्यांच्यावर नावे लिहिलेली असावीत आणि एकाहून अधिक ठिकाणी त्यांच्या प्रती असाव्यात. विशेषतः जी कुठल्याही कंपनीची नाहीत ती. गावच्या भजनी मंडळाची, आजीच्या ओव्यांची, घरच्या कोजागिरीची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यातल्या कित्येकांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या बायकांचे आवाज त्यांच्या नावागावासह ऐकता येतात. कुणीतरी टेप भरली आणि कुणीतरी ती भंगारात दिली नाही, म्हणून. आमच्या घरात यातले निम्मेच झाले.

दिवाळीनंतर मी अण्णांचा प्लेअर घेऊन बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पंचविशीचा मुलगा, असला प्लेअर त्याने उघडलेला नव्हता. झाकण काढले तर आतली बॅटरी टम्म फुगलेली. ती त्याने हलक्या हाताने सुटी केली, बाहेरून वीज दिली, आणि मला सांगितले, "काका, आशा ठेवू नका. चिपमधला चार्ज वर्षानुवर्षं झिरपत जातो. आठ-दहा वर्षं बंद म्हणजे फार झालं." मला वाटत होते, डिजिटल म्हणजे अक्षय. कॅसेटीला बुरशी येते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. इथे काहीच दिसत नाही.

संगणकाच्या पडद्यावर ४१२ नावे आली. उतरवून घेताना एकेचाळीस फाइली अडल्या. आत्याच्या तीन होत्या. एक अभंग पूर्ण मिळाला. 'ट्रॅक सात' मिळाला, त्यात गाणे संपल्यावर अण्णा कुणाला तरी दूध आटले का म्हणून विचारत आहेत. आणि मारवा अकरा मिनिटांवर तुटला. आत्या नुकती लय वाढवत होती.

लेकीने त्या संध्याकाळी तिन्ही फाइलींवर आत्याचे नाव, राग, साल आणि गाव लिहिले. तबल्यावर कोण होते ते मला आठवेना. तिने प्रती काढून एक माझ्या संगणकावर, एक आपल्याकडे आणि एक पुण्याला भाच्याकडे ठेवली. मग मी मिरजेला फोन केला. आत्याची एक शिष्या तिथे अजून शिकवते. कोजागिरीच्या त्या कॅसेटींची प्रत अण्णांनी आत्यालाही पाठवली होती, हे मला फोनवर बोलता बोलता आठवले.

"असेल हो दादा," त्या म्हणाल्या. "ताईंची ट्रंक माळ्यावर आहे, तिच्यात कॅसेटी आहेत. पण लावायच्या कशावर?"

शेजारच्या कुलकर्ण्यांकडे एक टू-इन-वन आहे. त्याचा पट्टा सैल झाला आहे, तो बदलायला टाकला आहे. मिळाला की शनिवारच्या गाडीने आम्ही दोघे मिरजेला जाऊ.